सॉल्व्हंटही नको, सिलिकोनही कमी हवं: स्टिकरमागच्या कागदाची अवघड कसरत

स्टिकर सोलला की हातात उरणाऱ्या गुळगुळीत कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. कारखान्यात त्याला रिलीज लाइनर म्हणतात. त्याच्या एका बाजूला साधारण एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, सिलिकोनचा थर असतो. लेबलचा गम स्टीलच्या पट्टीवरून सोलायला २५ मिलिमीटर रुंदीला १० न्यूटनच्या आसपास जोर लागतो. तोच गम लाइनरवरून सोलायला ५ ते २० सेंटिन्यूटन पुरतात. म्हणजे जवळपास शंभरपट फरक, आणि तो सगळा त्या एका मायक्रॉनमुळे पडतो.

हा थर पूर्वी टॉल्युइन किंवा हेप्टेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून लावला जायचा, आणि काही ठिकाणी आजही लावला जातो. आता मागणी दुहेरी आहे: सॉल्व्हंट अजिबात नको, आणि सिलिकोनही शक्य तितकं कमी हवं. दोन्ही मागण्या एकाच दिशेच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या आड येतात, कारण थर पातळ करायचं काम इतकी वर्षं सॉल्व्हंटच करत होतं. ते काढून घेतलं की ती जबाबदारी कागदावर, रोलांवर आणि रसायनावर येऊन पडते. बहुतेक फसलेल्या प्रयोगांत चूक अशी असते की या तिघांपैकी फक्त रसायन बदललेलं असतं.

सिलिकोनच का?

रिलीज कोटिंगमधलं सिलिकोन म्हणजे पॉलिडायमिथाइलसिलोक्झेन, थोडक्यात पीडीएमएस. त्याची पृष्ठऊर्जा मीटरला २० ते २२ मिलिन्यूटन इतकी कमी असते. पॉलिथिलीनची ३१ च्या आसपास, तर पाण्याचा पृष्ठताण ७२. कमी पृष्ठऊर्जेच्या पृष्ठभागावर दुसरं काही नीट पसरत नाही, म्हणून चिकटतही नाही, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. टेफ्लॉनची पृष्ठऊर्जा १८ च्या आसपास, सिलिकोनपेक्षाही कमी. तरीही चिकटपट्टी टेफ्लॉनवरून सोलायला सिलिकोनपेक्षा जास्त जोर लागतो.

अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठातले मनोज चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये याचं कारण प्रयोगाने दाखवलं. सिलिकोनच्या साखळ्या इतक्या लवचीक आणि हलत्या असतात की सोलताना गम त्यांच्यावरून थोडा घसरतो. घसरल्यामुळे गम ताणला जाऊन त्यात जी ऊर्जा खर्ची पडली असती ती वाचते आणि सोलणं हलकं होतं. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण सिलिकोनऐवजी पृष्ठऊर्जा तेवढीच कमी असलेलं एखादं मेण लावून सिलिकोनचा परिणाम मिळत नाही. त्याचा हलतेपणाही लागतो, आणि तो फार थोड्या पदार्थांकडे आहे.

सॉल्व्हंट काय काम करत होतं

सॉल्व्हंट पद्धतीत वापरायचं सिलिकोन लांब साखळ्यांचं, जवळजवळ डिंकासारखं घट्ट असतं. ते ५ ते १० टक्के प्रमाणात टॉल्युइनमध्ये विरघळवलं की पाण्यासारखं वाहतं. कागदावर ८ मायक्रॉनची ओली फिल्म लावली आणि त्यात ६ टक्के घन असेल, तर सुकल्यावर अर्धा मायक्रॉनही उरत नाही. जाड ओला थर लावणं सोपं, आणि पातळ सुका थर आपोआप मिळतो. ही त्या पद्धतीची खरी ताकद होती.

किंमत मात्र जबर. दीड मीटर रुंदीची लाइन मिनिटाला २०० मीटर वेगाने चालली तर तासाला १८,००० चौरस मीटर कागद निघतो. चौरस मीटरला अर्धा ग्रॅम सिलिकोन धरलं तर तासाला ९ किलो सिलिकोन लागेल. ६ टक्क्यांच्या द्रावणात त्याच्यासोबत १४१ किलो टॉल्युइन जातं. ते सगळं ओव्हनमध्ये वाफ होऊन निघतं. टॉल्युइनची वाफ हवेत १.१ टक्क्यापुढे गेली की ठिणगीने भडकू शकते, म्हणून ओव्हनमधली मात्रा त्या मर्यादेच्या चतुर्थांशाखाली ठेवतात. त्यासाठी दर किलो टॉल्युइनमागे सुमारे ९७ घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला जवळपास १४,००० घनमीटर हवा तापवायची, बाहेर काढायची आणि मग तिच्यातलं टॉल्युइन जाळायचं किंवा परत मिळवायचं. टॉल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, ४ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत, कारखान्याच्या कुठल्याही कोपऱ्यात ते पेट घ्यायला तयारच असतं.

सॉल्व्हंटविरहित पद्धतीत हे सगळं शून्यावर येतं. बाथमध्ये, म्हणजे कोटिंगच्या तयार मिश्रणात, जे ओतलं ते सगळं कागदावर राहतं. त्यासाठी साखळ्या आखूड कराव्या लागतात, म्हणजे द्रव २०० ते ५०० मिलिपास्कल-सेकंद इतका पातळ राहतो आणि रोलांवर वाहू शकतो. पण आता ओला थर आणि सुका थर एकाच जाडीचे. एक मायक्रॉन हवा असेल तर एक मायक्रॉनच लावायचा. शिवाय आखूड साखळ्या कागदाच्या छिद्रांत सहज शिरतात. म्हणूनच सॉल्व्हंट पद्धतीत ०.३ ते ०.६ ग्रॅमवर भागणारं काम सॉल्व्हंटविरहित पद्धतीत कागदावर ०.८ ते १.२ ग्रॅम मागतं. (दर चौरस मीटरच्या ग्रॅमना यापुढे जीएसएम म्हणू, सिलिकोनसाठी १ जीएसएम म्हणजे साधारण १ मायक्रॉन.)

बचत कागदापासून सुरू होते

कोट वेट, म्हणजे चौरस मीटरवरचं सिलिकोनचं वजन, कमी करायचं ठरलं की पहिला फोन सिलिकोन पुरवणाऱ्याला जातो. तो कागद पुरवणाऱ्याला जायला हवा. चांगल्या ग्लासीनचा, म्हणजे दाबून गुळगुळीत केलेल्या लाइनर कागदाचा, खडबडीतपणा एक-दीड मायक्रॉनच्या घरात असतो, आणि आपण त्यावर एक मायक्रॉनचा थर लावतोय. खडबडीत भिंतीला रंगाचा एक हात दिला की खाचा रंग पिऊन टाकतात आणि उंचवटे उघडे राहतात. इथेही तेच होतं. खाचांत साचलेलं सिलिकोन कसलंही काम करत नाही. उंचवट्यावरच्या उघड्या तंतूला गम थेट जाऊन चिकटतो. सोलताना तिथे झटका बसतो, नाहीतर तंतूच उपटून येतो.

म्हणून कागद घेताना दोन आकडे मागावेत. पहिला खडबडीतपणा. दुसरा कॉब-उंगर चाचणीचा, म्हणजे कागद चौरस मीटरला किती तेल शोषतो तो. ग्लासीनला हा आकडा १ ग्रॅमच्या आसपास किंवा खाली हवा. जास्त असेल तर सिलिकोन वर न राहता आत जाणार. ग्लासीनला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) किंवा स्टार्चचा पृष्ठलेप असतो, तो किती अखंड आहे यावर हा आकडा ठरतो. काही कागदांत या लेपातल्या पीव्हीएला व्हिनाइल गट (दुहेरी बंध असलेले, सिलिकोनशी जोडले जाऊ शकणारे) जोडलेले असतात. असा कागद सिलिकोनच्या जाळ्यात रासायनिक बंधाने गुंततो, त्यामुळे पकड घट्ट होते आणि सिलिकोन व प्लॅटिनम दोन्हींत कपात करायला वाव मिळतो. कागद महाग पडतो, पण हिशेब एकत्र मांडला की तो अनेकदा परवडतो.

उघडे तंतू शोधायची चाचणी कुठल्याही छोट्या प्रयोगशाळेत होते. मिथिलिन ब्लूचं पाण्यातलं १ टक्का द्रावण सिलिकोनच्या बाजूवर ओतायचं, दोन मिनिटं ठेवायचं, टिपकागदाने टिपून घ्यायचं. जिथे सिलिकोन नाही तिथे कागद निळा पडतो. विखुरलेले बारीक ठिपके चालतात. ठिपक्यांची रांग दिसली तर रोलावर ओरखडा आहे. ढगासारखे डाग म्हणजे कागदाचा लेप असमान आहे. ही चाचणी कागदापुरतीच, प्लास्टिकच्या फिल्मवर तिचा उपयोग नाही.

रोल: पातळ करायचं यांत्रिक काम

सॉल्व्हंटचं काम आता पाच किंवा सहा रोलांच्या कोटिंग हेडकडे जातं. पहिल्या दोन रोलांच्या फटीत सिलिकोनचं तळं असतं. हे रोल फार सावकाश, कागदाच्या वेगाच्या काही टक्केच, फिरतात. पुढचा प्रत्येक रोल आधीच्यापेक्षा वेगवान. समजा सावकाश रोलावर १० मायक्रॉनची फिल्म आहे आणि तिला लागून असलेला रोल पाचपट वेगाने फिरतोय. ती सगळी फिल्म पुढच्या रोलाने उचलली तर ती ताणली जाऊन २ मायक्रॉनची होईल. प्रत्यक्षात फिल्मची दोन्ही रोलांवर फाटाफूट होते, पण तत्त्व हेच. शेवटचा रबरी रोल कागदाच्या वेगाच्या जवळपास फिरतो आणि कागदावर सिलिकोन ठेवतो.

कोट वेट बदलायचं मुख्य हत्यार म्हणजे या रोलांच्या वेगांचं गुणोत्तर. त्यानंतर येतो फटीतला दाब. अनुभवी ऑपरेटरलाही दाब वाढवून थर पातळ करायचा मोह होतो. दाब थोडा मदत करतो, मग रबर वाकायला लागतं आणि कडा व मध्य यांच्यात फरक पडतो. म्हणून नमुना नेहमी ऑपरेटरची बाजू, मध्य आणि ड्राइव्हची बाजू असा तिन्ही ठिकाणचा घ्यावा. सरासरी ०.९ जीएसएम असून एका कडेला ०.६ असेल तर ग्राहकाची तक्रार त्या कडेच्या कागदाच्या रोलातून येणार. रबर निवडताना सिलिकोन रबर टाळावं, कारण सिलिकोनच्या द्रवात ते फुगतं.

वेग वाढला की धुक्याची अडचण येते. मिनिटाला ३००-४०० मीटरपुढे रोल एकमेकांपासून सुटताना सिलिकोनचे धागे ताणले जाऊन तुटतात आणि हवेत बारीक थेंबांचं धुकं उठतं. ते जमिनीवर बसून फरशी निसरडी होते, ओव्हनच्या तोंडाशी साचतं, आणि श्वासातून फुप्फुसांत जाणं धोक्याचं असतं. हेडवर शोषक हुड हवाच. बाथमध्ये १ ते ३ टक्के धुकेरोधक घटक घालतात. हे फांद्याफांद्यांचे मोठे सिलिकोन रेणू असतात आणि त्यांच्यामुळे धागा लांबण्याआधीच आखडतो. ते गरजेपेक्षा जास्त घातले तर क्युअरिंग (थर जाळं विणून पक्का होणं) आणि रिलीज (गम सोलायला लागणारा जोर) दोन्ही सरकतात, तेव्हा आधी हुड आणि मग घटक, हा क्रम बरा. कोट वेट कमी केलं की धुकंही कमी होतं, ही या साऱ्या खटाटोपातली एक चांगली बाजू.

बाथमधलं रसायन

सॉल्व्हंटविरहित उष्णता-क्युअर बाथमध्ये चार गोष्टी असतात. व्हिनाइल गट असलेलं सिलिकोन पॉलिमर, सिलिकॉन-हायड्रोजन बंध असलेला क्रॉसलिंकर, प्लॅटिनम कॅटॅलिस्ट, आणि बाथ भांड्यातच घट्ट होऊ नये म्हणून इनहिबिटर. ओव्हनमध्ये इनहिबिटर उडून जातो, प्लॅटिनम मोकळं होतं, आणि क्रॉसलिंकरचा हायड्रोजन व्हिनाइलला जोडला जाऊन काही सेकंदांत जाळं विणलं जातं.

प्रमाण हिशेबाने काढता येतं. १०० ग्रॅम पॉलिमरमध्ये व्हिनाइल वजनाने १ टक्का असेल, तर व्हिनाइलचा भार २७ धरून ०.०३७ मोल व्हिनाइल झालं. कागदासाठी हायड्रोजन आणि व्हिनाइलचं गुणोत्तर १.५ ते २ ठेवतात, १.८ घेतलं तर ०.०६७ मोल हायड्रोजन लागेल. क्रॉसलिंकरमध्ये हायड्रोजन १.५ टक्के असेल तर त्याच्या एका ग्रॅममध्ये ०.०१५ मोल मिळतं, म्हणजे साडेचार ग्रॅम क्रॉसलिंकर. प्लॅटिनम बाथमध्ये ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग) हवं असेल आणि कॅटॅलिस्टच्या डब्यावर ५,००० पीपीएम लिहिलं असेल, तर सव्वा ग्रॅम कॅटॅलिस्ट.

हे गुणोत्तर फार काळजीने सांभाळावं लागतं. हायड्रोजन कमी पडला तर जाळं अर्धवट राहतं, सुट्या साखळ्या गमवर जातात आणि लेबल बाटलीला नीट चिकटत नाही. जास्त झाला तर कागदावरची पकड सुधारते, पण उरलेले सिलिकॉन-हायड्रोजन गट ॲक्रिलिक गममधल्या आम्लगटांशी हळूहळू बांधले जातात. लेबल पहिल्या आठवड्यात सुरेख सुटतं, महिन्या-दोन महिन्यांनी सुटेनासं होतं. ही चूक उशिरा कळते, म्हणून महागात पडते. कोट वेट कमी करताना पकड ढिली वाटली की लोक क्रॉसलिंकर वाढवतात, आणि नेमके इथे येऊन अडकतात.

मिसळायचा क्रम: इनहिबिटरसह पॉलिमर आधी, मग क्रॉसलिंकर, सावकाश ढवळून एकजीव, आणि सगळ्यात शेवटी कॅटॅलिस्ट. क्रॉसलिंकर आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत ओतू नयेत, आणि एकच मापपात्र दोन्हींना वापरू नये. दोघं भेटले की उष्णता आणि हायड्रोजन वायू निघतो. आम्लारी, अमाइन किंवा अल्कोहोल क्रॉसलिंकरमध्ये पडलं तरी तेच. उरलेला बाथ झाकण घट्ट लावलेल्या ड्रममध्ये ठेवणं हा या कामातला सर्वांत गंभीर धोका आहे. ड्रमला हवा जायला वाट असलेलंच झाकण हवं.

तयार बाथ ३० अंशांच्या आत ठेवावा आणि त्याची घट्टता तासातासाला मोजावी. ती सुरुवातीच्या दुप्पट झाली की तो बाथ वापरात ठेवू नये, कारण रोलांवरचं सगळं गणित घट्टतेवर उभं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये तापमान ४० अंशांवर गेलं की बाथचं आयुष्य झपाट्याने घटतं. तिथे इनहिबिटर वाढवण्यापेक्षा भांड्याला थंड पाण्याचं जॅकेट द्यावं, कारण जास्तीचा इनहिबिटर ओव्हनमध्येही क्युअरिंग रोखून धरतो.

प्लॅटिनमला विष लवकर बाधतं. नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस आणि कथिलाची संयुगं त्याला निकामी करतात. गंधकाने पक्के केलेले रबरी हातमोजे, अमाइन असलेली शाई, कथिलाच्या जुन्या कोटिंगचे पाइपात राहिलेले अवशेष, कागदाच्या लेपातलं एखादं संरक्षक रसायन, यातलं काहीही पुरतं. क्युअरिंग अचानक बिघडलं आणि बाथचा हिशेब बरोबर असेल, तर आधी तोच बाथ माहितीच्या पीईटी (पॉलिएस्टर) फिल्मवर लावून ओव्हनमध्ये घालावा. तिथे क्युअर झाला तर दोष कागदात, नाही झाला तर बाथमध्ये.

प्लॅटिनम परत मिळत नाही, ते कागदासोबत जातं. १ जीएसएम आणि ६० पीपीएमवर दहा लाख चौरस मीटरला ६० ग्रॅम प्लॅटिनम खर्च होतं. कोट वेट १.१ वरून ०.८ वर आणलं तर तेवढ्याच कागदावर ३०० किलो सिलिकोन आणि १८ ग्रॅम प्लॅटिनम वाचतं.

०.१ जीएसएमची एकेक पायरी

कोट वेट एकदम उतरवू नये. वेग आणि ओव्हनचं तापमान कायम ठेवून एका वेळी ०.१ जीएसएम कमी करावं आणि प्रत्येक पायरीवर सगळ्या चाचण्या कराव्यात. कोट वेट एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने मोजतात. क्ले-कोटेड कागद असेल तर सावध राहावं: क्लेमध्येही सिलिकॉन असतं, म्हणून कोटिंग न केलेल्या त्याच कागदाचं वाचन वजा करावं लागतं. हे विसरलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि थर आहे त्यापेक्षा जाड वाटतो.

लाइनवर ताबडतोब करायच्या चाचण्या दोन. बोट जोरात घासायचं: तेलकट पट्टा उमटला तर क्युअरिंग अपुरं, थराचा भुगा निघाला तर क्युअरिंग झालंय पण पकड नाही. दोन दोषांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला उष्णता किंवा कॅटॅलिस्ट, दुसऱ्याला कागद, ओलावा किंवा क्रॉसलिंकर. दुसरी चाचणी चिकटपट्टीची: पट्टी थरावर दाबायची, सोलायची आणि तिच्याच गमावर गम चिकटवून बघायचा. पकड गेली असेल तर सुटं सिलिकोन गमवर आलंय.

प्रयोगशाळेत सुट्या सिलिकोनचं प्रमाण मोजतात. नमुन्याचं एक्स-रे वाचन घ्यायचं, मिथाइल आयसोब्युटाइल कीटोनमध्ये भिजवायचा, सुकवून पुन्हा वाचन घ्यायचं. घट ५ टक्क्यांच्या आत हवी. मग फिनाट या युरोपीय लेबल संघटनेची दहाव्या क्रमांकाची पद्धत: ठरावीक चाचणीपट्टी लाइनरवर लावून चौरस सेंटिमीटरला ७० ग्रॅम दाबाखाली २० तास ठेवायची, एक संच २३ अंशांवर आणि एक ७० अंशांवर, आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने १८० अंशांत सोलून जोर मोजायचा. अकराव्या क्रमांकाच्या पद्धतीत तीच सोललेली पट्टी पुन्हा चिकटवून गमची किती पकड शिल्लक आहे ते बघतात. ९० टक्क्यांपुढे उत्तम, ८० च्या खाली माल पाठवू नये.

कोट वेट उतरवताना सरासरी रिलीज फारसं बदलत नाही आणि सगळे निश्चिंत होतात. आलेख बघावा. सोलण्याच्या जोराची रेषा सपाट असेल तोवर थर अखंड आहे. ती दातेरी व्हायला लागली की उघडे उंचवटे सुरू झाले, सरासरी कितीही चांगली दिसो. थांबायची खूण ती. त्यानंतर एक पायरी वर येऊन स्थिर व्हावं.

सोलायचा वेगही महत्त्वाचा. हाताने सोलताना हलकं वाटणारं लेबल छपाईयंत्रावर मिनिटाला शंभर मीटरने सोलताना जड होऊ शकतं आणि डाय-कटनंतरची, म्हणजे लेबलं कापल्यावर भोवती उरलेली, जाळी तुटते. उलट रिलीज फार हलकं असेल तर लेबल यंत्रातच उडून येतं. त्यासाठी एमक्यू हे सिलिकोन रेझिन घालून रिलीज मुद्दाम वाढवतात. दोन्ही वेगांना मोजल्याशिवाय लाइनर मंजूर करू नये. आणि चाचणीपट्टीवर समाधान मानू नये: ग्राहकाचा खरा गम लावून ५० अंशांवर चार आठवडे ठेवलेला नमुना सोलल्यावरच आम्लगटांचा तो उशिरा येणारा दोष दिसतो.

फिल्म आणि अतिनील प्रकाश

पीईटी फिल्मचा पृष्ठभाग कागदापेक्षा कितीतरी गुळगुळीत, म्हणून तिथे कमी सिलिकोनवर भागतं, अडचण पकडीची. पॉलिथिलीन आणि बीओपीपी (ताणलेली पॉलिप्रॉपिलीन फिल्म) मात्र ओव्हनची उष्णता सोसत नाहीत. तिथे अतिनील प्रकाशाने क्युअर होणारं सिलिकोन वापरतात, तेही सॉल्व्हंटविरहित. ॲक्रिलेट प्रकाराला नायट्रोजनचं आवरण लागतं, ऑक्सिजन ५० पीपीएमच्या खाली. तो वाढला की वरचा थर ओलसर राहतो. इपॉक्सी प्रकाराला नायट्रोजन लागत नाही, पण दमट हवा आणि कॅल्शियम कार्बोनेट असलेला आम्लारीयुक्त कागद त्याचं क्युअरिंग मंदावतो. मुंबई-कोकणपट्टीच्या पावसाळ्यात इपॉक्सी प्रकार चालवायचा तर कोटिंगच्या खोलीतली आर्द्रता ताब्यात ठेवावीच लागते.

सिलिकोनच नको असेल तर

काही ठिकाणी सिलिकोनचा अंशही चालत नाही. रिलेच्या (विजेच्या स्विचच्या) संपर्कबिंदूंवर उडते सिलोक्झेन, म्हणजे सिलिकोनचे लहान रेणू, बसले की ठिणगीत त्यांचं सिलिका होतं आणि संपर्क तुटतो. गाडी रंगवण्याच्या विभागात पत्र्यावर सिलिकोन लागलं की रंगात खड्डे पडतात. शिवाय डी४, डी५ आणि डी६ ही चक्री सिलोक्झेन युरोपीय संघाने २०१८ मध्ये अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत घातली आहेत. सिलिकोन पॉलिमर बनवताना ती थोडी मागे राहतात, त्यामुळे युरोपला माल पाठवणाऱ्याने पुरवठादाराकडून त्यांचं प्रमाण लेखी घ्यावं, ०.१ टक्क्यापुढे गेलं की कळवण्याची जबाबदारी येते.

सिलिकोनविरहित रिलीजचा जुना मार्ग म्हणजे कार्बामेट: पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडायच्या. ३एम कंपनीच्या डालक्विस्ट आणि सहकाऱ्यांचं त्यावरचं पेटंट १९५० सालचं आहे, आणि गुंडाळलेल्या चिकटपट्टीच्या पाठीवर तो थर आजही असतो. ०.१ ते ०.३ जीएसएम पुरतो. पण तो परंपरेने लावला जातो टॉल्युइन किंवा झायलीनमधल्या एक-दोन टक्के द्रावणातून, म्हणजे सिलिकोन घालवताना सॉल्व्हंट परत येतं. पाण्यातले प्रकार मिळतात. त्यांत कण पसरवून ठेवायला साबणासारखे घटक असतात, ते गममध्ये जाऊन पकड कमी करतात. आणि सुकवताना साखळ्या वितळेपर्यंत तापमान न्यावं लागतं, तरच त्या उभ्या रांगेत बसतात. साखळ्या वितळण्याचीच दुसरी बाजू म्हणजे उष्णतेत रिलीज जातं. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बंद ट्रकच्या टपाखाली त्याहून बराच वर. अशा ट्रकमधून जाणाऱ्या पट्टीचा रोल ६५ अंशांवर आठवडाभर ठेवून उलगडून बघितल्याशिवाय हा थर मंजूर करू नये. लेबलच्या लाइनरला तर कार्बामेट नकोच, रिलीज फार जड येतं.

दुसरा मार्ग वितळवून लावायच्या अतिकमी घनतेच्या पॉलिथिलीनचा. ना सॉल्व्हंट, ना सिलिकोन. ॲक्रिलिक गमवर तो मध्यम रिलीज देतो. रबरी हॉटमेल्ट (वितळवून लावायच्या) गमवर नाही, कारण त्या गममधली रेझिनं पॉलिथिलीनशी फार जुळतात आणि घट्ट धरून बसतात.

दोन्ही अटी एकाच वेळी पाळण्याच्या सगळ्यात जवळ येतो तो संमिश्र मार्ग. सिलिकोनची पृष्ठऊर्जा कमी असल्याने ते मिश्रणात स्वतःहून वर येतं. म्हणून अतिनील प्रकाशाने क्युअर होणाऱ्या साध्या ॲक्रिलेटमध्ये थोडं सिलिकोन ॲक्रिलेट घातलं तरी पृष्ठभाग बराचसा सिलिकोनचा होतो, आणि द्रवात उडून जाणारं सॉल्व्हंट नसतं. सिलिकोन जाळ्याला रासायनिक बंधाने बांधलेलं असलंच पाहिजे. नुसतं मिसळलेलं तेल गमवर जाणार. रिलीज शुद्ध सिलिकोनपेक्षा जड पडतं, कारण खालचं कडक ॲक्रिलेट साखळ्यांना मोकळं हलू देत नाही. चिकटपट्टीला आणि फोम टेपच्या लाइनरला ते चालतं. वेगाने चालणाऱ्या लेबलयंत्रासाठी अजून ग्लासीनवरचं ०.७-०.८ जीएसएम सॉल्व्हंटविरहित सिलिकोनच घ्यावं, आणि त्याखाली जायचं असेल तर पुढचा पैसा कागदाच्या लेपावर खर्च करावा.